साक्षगंधाची पांढरी अंगठी

धानाचं चुरणं आटोपलं, खरेदी केंद्रावरचे पैसे खात्यात आले की साकोलीच्या आसपासच्या गावांत साक्षगंधांचे दिवस सुरू होतात. सेंदूरवाफ्यापासून लाखनीपर्यंत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना मंडप दिसू लागतात. पूर्वी साक्षगंध म्हणजे कुंकू, साडी-चोळी, नारळ, साखर आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी चार माणसांदेखत दिलेला शब्द. अंगठी असलीच तर ती मुलीच्या बोटात जायची आणि ती पिवळ्या सोन्याची असायची. आता दोघंही एकमेकांच्या बोटात अंगठी घालतात, सगळ्यांचे मोबाइल त्या दोन हातांवर रोखलेले असतात आणि त्या हातांत बरेचदा पांढरा धातू असतो. सफेद सोनं, नाहीतर प्लॅटिनम. माझ्या गावात नव्याने आलेल्या या दोन धातूंबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. ते निवडणाऱ्या मुलामुलींना या धातूंचा स्वभाव सहसा कुणी समजावून सांगत नाही.

लग्नाची खूण अंगावर बाळगायची ती बाईने, अशी आपली रीत. मंगळसूत्र, गरसोळी, जोडवी, हिरवा चुडा, कपाळावरचं कुंकू. बाईकडे नुसतं पाहून तिचं लग्न झालंय की नाही हे परक्या गावचा माणूसही सांगू शकतो. पुरुषाच्या अंगावर असं काही नसतं. बाशिंग सुटलं, अंगावरची हळद उतरली की तो लग्नाआधी दिसत होता तसाच दिसू लागतो. अंगठी आपल्या कथांत फार जुनी आहे. रामाची अंगठी हनुमंताने अशोकवनात सीतेपुढे ठेवली. दुष्यंताची अंगठी शकुंतलेच्या बोटातून पाण्यात पडली आणि राजाने तिला ओळखच दिली नाही. पण या दोन्ही कथांत अंगठी पुरुषाची आहे, आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा किंवा तिच्या आधारे स्वतःला सिद्ध करायचं ते स्त्रीने. साक्षगंधात दोघांच्या बोटांत सारखी अंगठी जाते, तेव्हा लग्नाची खूण प्रथमच पुरुषाच्याही अंगावर येते. मला या नव्या रिवाजाचं मोल वाटतं ते एवढ्यासाठी. आणि म्हणूनच ती अंगठी कशाची घ्यायची आणि कशी सांभाळायची, हा विषय मला हौसेच्या पलीकडचा वाटतो.

माझी भाची नागपूरला एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिचा होणारा नवरा साकोली तालुक्यातच वडिलांसोबत राईस मिल सांभाळतो आणि घरची धानाची शेतीही बघतो. "आत्या, अंगठी पिवळी नको, पांढरी पाहिजे. साधी, दोघांची सारखी," असं तिने सांगितलं आणि सोबत चलायची गळ घातली. आमच्या घरचे दागिने ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घडले, त्या साकोलीतल्या म्हाताऱ्या सोनारांकडे आम्ही आधी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "अवो बाई, उद्या मोडाले नेलं त कोन घेईन हे?"

त्यांच्या प्रश्नामागे या मुलखाचा मोठा अनुभव उभा होता. आमच्याकडे सोनं अंगावर मिरवण्याआधी अडीनडीला कामी येणारं म्हणून घेतलं जातं. पऱ्हे टाकले आणि पाऊस पाठ फिरवून गेला, मामा (माजी मालगुजारी) तलावात पाणी साठलं नाही, चुलबंद नदीला पूर येऊन बांध्या वाहून गेल्या, घरात कुणाचं ऑपरेशन निघालं, की गाठोड्यातली पाटली किंवा पोत बाहेर निघते. आधी सावकाराकडे गहाण पडायची, आता बँकेच्या सोनेतारणात जाते. धान हाती आलं की सुटते, नाही आलं तर मोडते. कित्येक घरांत बाईच्या नावावर शेत नसतं, घर नसतं, खातंही उशिरा उघडलेलं असतं. तिचं म्हणावं असं एवढं सोनंच असतं. सोनं पिवळं का हवं, असं त्या सोनारांना कुणी विचारलं असतं तर ते म्हणाले असते की पिवळ्याचा कस दगडावर एका ओळीत कळतो. कसोटीवर ओढलेली रेघ आणि तेजाबाचा थेंब यांवर गावोगावचा व्यवहार उभा राहिला. पांढरी रेघ पाहून त्यात सोनं किती, हे त्या नजरेला सांगता येत नाही.

गंमत अशी की या मातीला सोनं परकं नाही. भूशास्त्रज्ञ इथल्या फार जुन्या, रूपांतरित खडकांच्या पट्ट्याला साकोली समूह म्हणतात. आमच्या गावाचं नाव जगभरच्या भूशास्त्राच्या लिखाणात आहे ते या खडकांमुळे, आणि या पट्ट्यात तांबं, जस्त, टंगस्टन यांच्याबरोबर सोन्याचेही अंश सापडले आहेत. वैनगंगेच्या वरच्या अंगाला, बालाघाटकडे, नदीच्या वाळूतून सोन्याचे कण धुऊन काढणारे सोनझारी लोक होते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात त्यांची नोंद आहे. दिवसभर पाण्यात उभं राहून वाळू चाळायची आणि संध्याकाळी कणभर सोनं. सोन्याचा गुंज-गुंज हिशेब करायची इथली सवय अशा कष्टांतून आलेली आहे. त्या सवयीच्या माणसाला पांढरं सोनं संशयाचं वाटावं, यात नवल नाही.

सफेद सोनं खाणीतून पांढरं निघत नाही. शुद्ध सोनं पिवळंच असतं. त्यात पॅलेडियम, निकेल, चांदी, जस्त असे पांढरे धातू मिसळले की पिवळेपणा विरत जातो. अठरा कॅरेटच्या सफेद सोन्यात हजारात ७५० भाग सोनं असतं, चौदा कॅरेटमध्ये ५८५. बावीस कॅरेटमध्ये असा पांढरा रंग आणता येत नाही, कारण पांढऱ्या धातूंना तेवढी जागाच उरत नाही. चौदा कॅरेट म्हटल्यावर आमच्या सोनारांचा चेहरा गंभीर झाला. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, तेव्हा मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. चौदा कॅरेटहून चोख दागिना घडवायला बंदी झाली. लोकांनी चौदा कॅरेटला हात लावला नाही, सोनारांच्या शेगड्या थंड पडल्या, देशभर कारागिरांची घरं उघडी पडली, काहींनी जीवही दिला. कॅरेटची ती अट १९६६ मध्ये उठली. त्यानंतर आलेला १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द व्हायला मात्र १९९० उजाडलं. ज्या चौदा कॅरेटने त्यांच्या वडिलांच्या हातची हातोडी सुटली, तेच चौदा कॅरेट आज नवी पोरं आपण होऊन मागतात. त्यांच्या गप्प राहण्यात मला ते सगळं ऐकू आलं.

इतकं मिसळूनही सफेद सोनं पुरतं पांढरं होत नाही. त्यात हलकी पिवळट, राखाडी झाक राहते. दुकानातल्या दिव्याखाली जो आरशासारखा शुभ्र रंग आपल्याला मोहवतो, तो रोडियम नावाच्या दुसऱ्याच धातूचा असतो. लंडनच्या विल्यम वोलस्टन यांनी १८०४ साली प्लॅटिनमच्या खनिजातून तो वेगळा काढला. सफेद सोन्याच्या अंगठीवर त्याचा पातळ मुलामा देतात. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. हा मुलामा एखाद्या मायक्रॉनचा, बरेचदा त्याहूनही कमी. भंडारा जिल्ह्याच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्या भंडाऱ्याची ओळखच पितळेची भांडी. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई लावलेली असते. ती काही महिने टिकते, मग घासून घासून पिवळं दिसू लागतं आणि कल्हईवाल्याची वाट पाहावी लागते. पातेलं त्यामुळे खोटं ठरत नाही. त्याला कल्हई लागते, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, एवढंच. सफेद सोन्याला रोडियम असंच लागतं. रोज घातलेली अंगठी वर्ष-दोन वर्षांत तळव्याच्या बाजूने पिवळट दिसू लागते आणि तिला पुन्हा मुलामा द्यावा लागतो.

हे आधी सांगितलं नाही, तर काय होतं ते मी आमच्या ओळखीतल्या एका घरात पाहिलं आहे. लग्नाला दीड-दोन वर्षं झाली, सुनेची अंगठी पिवळी पडली. सासूला वाटलं हळदीने झालं, सुनेला वाटलं दुकानदाराने फसवलं, आणि माहेरच्यांनी दिलेला दागिना खोटा निघाला, अशी कुजबूज नातेवाइकांत सुरू झाली. अंगठी अठरा कॅरेटची, अस्सल होती. नागपूरला नेऊन मुलामा दिला आणि ती होती तशी झाली. पण त्या मुलीने मधले महिने जे ऐकलं ते धुऊन निघणारं नव्हतं. दागिन्याबद्दलची अर्धवट माहिती आपल्याकडे बाईच्या माहेरावर जाऊन आदळते, म्हणून ती पुरी द्यायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

मिश्रणात निकेल असेल तर आणखी एक गोष्ट. निकेल काहींच्या कातडीला सोसत नाही. अंगठीखाली खाज सुटते, चट्टा पडतो. नकली कानातल्याने ज्यांचे कान चिघळतात त्यांनी तर हे विचारूनच घ्यावं. युरोपीय संघाने अंगाला लागून राहणाऱ्या वस्तूंतल्या निकेलवर १९९४ सालीच बंधनं आणली. पॅलेडियम घालून केलेलं सफेद सोनं महाग पडतं, पण ते अंगाला सोसतं आणि त्याचा मूळ रंगही कमी पिवळा असतो. रोडियमचा थर शाबूत असेपर्यंत निकेल कातडीला लागत नाही. खरी तक्रार सुरू होते ती थर झिजल्यावर, आणि तोवर दुकानाची पावती सापडत नाही.

माझ्या भाचीच्या कामाचं तर वेगळंच. रुग्णालयात फरशी, ट्रे, बेसिन सगळं हायपोक्लोराइटने पुसतात. क्लोरीनचं आणि निकेल असलेल्या सफेद सोन्याचं मुळीच जमत नाही. बारीक तडे जातात आणि खडा धरून ठेवणाऱ्या नख्या अचानक तुटतात. घरात कपड्यांना ब्लीच लावतानाही तेच. पाऱ्याशी सोन्याचं वैर त्याहून जुनं. जुना थर्मामीटर फुटून पाऱ्याचा थेंब अंगठीला लागला, तर तो सोन्यात शिरतो आणि डाग पुसून जात नाही. सॅनिटायझरने धातूला काही होत नाही, मात्र दिवसभर हात चोळून चोळून मुलामा लवकर उडतो. शिवाय रुग्णाला हात लावताना अंगठी नसावी, हीच आरोग्यसेवेतली चांगली सवय. जागतिक आरोग्य संघटनेच्या हात-स्वच्छतेच्या मार्गदर्शनातही अंगठ्या घालू नयेत असंच सुचवलेलं आहे. म्हणजे तिची अंगठी दिवसातले कितीतरी तास बोटात नसणारच. ती कुठे असणार, याचा विचार आधी व्हायला हवा. गणवेशाच्या खिशात सुटी टाकलेली अंगठी हरवायला एक धुणं पुरतं. गळ्यातल्या बारीक साखळीत ती ओवून ठेवायची, असं तिने ठरवलं आणि मला ते पटलं.

मुलाच्या हाताचा विचार बहुतेक घरांत होतच नाही, पण कष्ट त्याच्याही हाताला असतात. राईस मिलमधल्या कोंड्याला कमी लेखू नये. धानाच्या टरफलात सिलिका असते, काचेच्या आणि वाळूच्या जातीची. तीच सिलिका मिलच्या यंत्रांचं लोखंडसुद्धा झिजवते. त्या धुळीत रोज वावरणाऱ्या बोटावर रोडियमचा मायक्रॉनभर थर किती दिवस टिकणार? रोवणीच्या चिखलातही वाळूच असते. आणि याहून मोठा धोका पट्ट्यांचा. चालू मशीनचा पट्टा, ट्रॅक्टरचा हुक, ट्रकचा फाळका यांत अंगठी अडकली तर बोटच ओढलं जातं. असे अपघात होतात आणि डॉक्टरांना बोट वाचवताना फार कठीण जातं. म्हणून मिलमध्ये पाऊल टाकण्याआधी अंगठी काढायची, हा नियम मी त्याला साक्षगंधाच्या आधीच सांगितला. कामावर निघताना अंगठी काढून ठेवण्यात काही अशुभ नाही, हे घरातल्या मोठ्यांनीही एकदा मोठ्याने म्हणायला हवं, म्हणजे पोरांच्या मनावरचं ओझं उतरतं.

मग आम्ही नागपूरला गेलो. इतवारीच्या सराफ्यात आणि सीताबर्डीकडच्या दुकानांत प्लॅटिनम पाहिलं. पहिल्यांदा हातावर घेतलं की त्याचं वजनच लक्षात येतं. त्याच मापाची अंगठी अठरा कॅरेट सफेद सोन्यापेक्षा तीस-चाळीस टक्के जड भरते. दागिन्यात ते हजारात ९५० भाग असतं, बाकी इरिडियम, रुथेनियम किंवा कोबाल्टसारखा सोबती धातू. त्याचा पांढरा रंग वरून लावलेला नसतो. कापलं तरी आत तोच. निकेल नसल्याने ते सहसा कुणाच्या कातडीला बाधत नाही. ओरखडे मात्र त्यावरही पडतात, आणि ते पाहून लोक हिरमुसतात. इथे त्याचा स्वभाव समजून घ्यायला हवा. सोन्यावर ओरखडा पडतो तेव्हा धातूचा कण झडून जातो. आजीच्या पाटल्या म्हणूनच वर्षांनी पातळ होतात आणि सोनार मोडताना घट धरतो. प्लॅटिनमवर ओरखडा पडतो तेव्हा धातू बाजूला सरकतो, झडत नाही म्हटलं तरी चालेल. वर्षांनी अंगठीवर एक मंद, मऊ झाक चढते. कुणाला ती आवडते, कुणी पॉलिश करून घेतं. वजन जवळपास तेवढंच राहतं.

जगातलं सुमारे सत्तर टक्के प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतून येतं. हान्स मेरेन्स्की या भूशास्त्रज्ञाने १९२४ साली तिथे ज्या खडकाचा माग काढला, त्याला आज त्याचंच नाव आहे. दागिना हा या धातूच्या अनेक कामांपैकी एक. गाड्यांच्या धुराड्यात विषारी वायू निवळण्यासाठी तो लागतो, कर्करोगावरच्या सिस्प्लॅटिन या औषधात तो आहे आणि माझ्या भाचीने ते औषध कितीतरी रुग्णांना सलाइनमधून दिलं आहे. आणखी एक नातं मला फार आवडलं. नायट्रिक आम्ल करताना अमोनिया वायू प्लॅटिनम-रोडियमच्या तापलेल्या जाळीतून जाऊ देतात, आणि त्याच आम्लापासून मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या कारखान्यात सुफला खत होतं. सुफलाचं पोतं साकोलीच्या शेतकऱ्याने कितीदा खांद्यावरून बांधीपर्यंत नेलं असेल. अंगठीतले हे दोन पांढरे धातू आपल्या धुऱ्यापर्यंत आधीच पोचलेले होते.

प्लॅटिनमची अडचण आमच्या सोनारांनी एका वाक्यात सांगितली होती: ते त्यांच्या आगीला बधत नाही. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला. साकोलीच्या दुकानातल्या फुंकणीला आणि मुशीला ते झेपत नाही. सोन्याचा डाग लावून ते सांधताही येत नाही. त्यासाठी ऑक्सिजनची तेज ज्योत किंवा लेझर लागतो, म्हणजे नागपूर गाठणं आलं. म्हणून प्लॅटिनमची अंगठी घेताना मापात हयगय नको. सकाळच्या थंडीत बोट बारीक असतं, साकोलीच्या मे महिन्यातल्या उन्हात तेच फुगतं. बाळंतपणात, वय वाढताना आणखी बदलतं. माप दुपारनंतर, हात कोमट असताना द्यावं आणि अंगठी सांध्यावरून थोडा जोर लावूनच उतरेल अशी घ्यावी. दाम म्हणाल तर २०१५ पासून ग्रॅमला सोनंच प्लॅटिनमपेक्षा महाग आहे. पण प्लॅटिनमची अंगठी वजनाने जड आणि मजुरीने भारी, त्यामुळे बिलातला फरक वाटतो तेवढा राहत नाही.

खुणा वाचायलाही शिकायला हवं. सोन्याच्या दागिन्यावर बीआयएसचं चिन्ह, ७५० किंवा ५८५ असा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. १ एप्रिल २०२३ पासून हा सहा खुणांचा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर या अॅपमध्ये तो टाकला की दागिन्याची माहिती समोर येते. सफेद सोनं हेही सोनंच, त्यामुळे त्यावर या खुणा पाहाव्यात. सक्तीचं हे हॉलमार्किंग प्लॅटिनमला लागू नाही. तिथे अंगठीच्या आतल्या बाजूला ९५० ची खूण आणि सोबतचं शुद्धतेचं प्रमाणपत्र, दोन्ही बघून घ्यावं. बिलावर वजन, शुद्धता, मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी आणि परत घेताना किती घट धरणार, हेही तिथेच विचारावं. साकोलीच्या सोनारांच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या बिलात असतं. प्लॅटिनम सोनेतारणाच्या खिडकीवर चालत नाही आणि कुठल्याही गावात कुणीही मोडीत घेत नाही; ज्या दुकानातून घेतलं तिथेच ते बहुधा परत जातं.

हे सगळं ऐकून भाचीचा होणारा नवरा म्हणाला की न बदलणारा धातू म्हणूनच प्लॅटिनम घ्यावं. त्यावर मी त्याला किलोग्रॅमची गोष्ट सांगितली. जगाचा किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळच्या सेव्हर गावात ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा दंडगोल होता. तो १८८९ साली प्रमाण ठरला. त्याच्या प्रती देशोदेशी दिल्या. भारताच्या वाट्याला ५७ क्रमांकाची प्रत आली आणि ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. काचेच्या घंटांखाली, कुलपात, माणसाच्या हाताचा स्पर्श होऊ न देता जपलेला तो दंडगोल तुलनेला काढताना ठरलेल्या रीतीने मऊ चामड्याने पुसून वाफेने धुवावा लागे. एवढं करूनही शंभर वर्षांत मूळ वजन आणि प्रती यांच्यात सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमचा फरक पडला. शेवटी २० मे २०१९ पासून किलोग्रॅम त्या धातूवरून काढून निसर्गातल्या एका स्थिरांकावर बसवला. जगात सगळ्यांत जपलेल्या प्लॅटिनमलाही धुवावं, पुसावं, मधून मधून ताडून पाहावं लागलं. न बदलणारा धातू शोधायच्या फंदात दोघांनी पडू नये. आपल्या हाताला आणि कामाला सोसेल असा धातू घ्यावा आणि त्याला काय लागतं ते नीट जाणून घ्यावं, एवढंच पुरे.

त्या दोघांनी शेवटी प्लॅटिनमच्या दोन साध्या, बिनखड्याच्या, गोल कडांच्या अंगठ्या घेतल्या. खडा नाही म्हणून नख्या नाहीत, कोंडा आणि साबण अडकायला कपारी नाहीत. उरलेल्या पैशांत पिवळ्या सोन्याचं डोरलं, तेही साकोलीच्या त्याच सोनारांकडे घडवायला टाकलं, मुलीच्या नावावर बिल करून. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटला. अडीनडीला मोडायचं सोनं आणि कधीच न मोडायची खूण, ही दोन वेगळी कामं आहेत; एकाच दागिन्यावर दोन्ही लादली की दुष्काळाच्या वर्षी बाईला आपल्या लग्नाची खूणच गहाण टाकावी लागते. आमच्या आधीच्या कितीतरी बायांनी ती टाकली आहे, डोळ्यांतलं पाणी लपवून. सफेद सोनं घेणाऱ्यांनी तरी काय कमी निवडलं? नाजूक नक्षी, बारीक खडे त्याच्यात जास्त चांगले बसतात, आणि दोन वर्षांतून एकदा मुलामा देऊन आणायची तयारी असेल तर ते जन्मभर शोभतं. फक्त ती तयारी दोघांची असावी.

दोन्ही धातूंची रोजची निगा तशी एकसारखी आणि सोपी. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि बेसिनच्या जाळीवर आधी बूच. मग सुती मऊ कापडाने कोरडं करायचं. राख, चिंच, भांड्याची पावडर, दंतमंजन यांतलं काहीही लावायचं नाही. मंजनाने दागिने उजळायची जुनी सवय सफेद सोन्याचा मुलामा खरवडून काढते. दोन अंगठ्या एका डबीत एकमेकींवर घासत ठेवायच्या नाहीत. बोटात अडकली तर ओढाताण न करता साबण लावायचा, हात वर धरून सूज उतरू द्यायची आणि दोरा गुंडाळून हळूहळू सरकवायची. खडा असेल तर वर्षातून एकदा नख्या तपासून घ्यायच्या.

आमच्याकडे साक्षगंधाच्या दिवशी मुलीला दागिने कसे सांभाळायचे ते सांगणाऱ्या बाया पुष्कळ असतात. आई सांगते, मावशी सांगते, सासू तर त्याच दिवशी सांगायला लागते. मुलाला हे सांगणारं कुणी नसतं, कारण आजवर त्याच्या अंगावर सांभाळायचं असं काही नव्हतंच. आता आहे. तेव्हा मुलाच्या बापाने, मामाने, थोरल्या भावाने त्याला बाजूला घेऊन सांगावं: मिलमध्ये जाताना कुठे ठेवशील, कशाने धुशील, वर्षातून एकदा नागपूरला दोन्ही अंगठ्या कोण घेऊन जाईल. तिची अंगठी हरवली तर घरभर तिला बोल लागतात, तुझी हरवली तर तेवढेच तुलाही लागले पाहिजेत, हेही त्याला सांगावं. आमच्या घरी त्याच्या मामाने हे सगळं भर मंडपात, सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं. पुढच्या हंगामात साकोलीच्या प्रत्येक मंडपात ते सांगितलं जावं, अशी माझी इच्छा आहे.